जुनी स्कॉर्पिओ, मागे ट्रेलर आणि आबांचा एक शब्द

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण मागे आमच्या गल्लीत ट्रॅक्टर सुरू आहे आणि तो काही माझं ऐकणार नाही. आजचा एपिसोड पुण्यातून नाही, गावाकडून रेकॉर्ड करतोय. नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली. कयाधूच्या काठावरचं, संत नामदेवांचं गाव. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी बीटेक केलंय, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीत गाड्यांच्या नादाला लागतो.

तर विषय. मागच्या महिन्यात बऱ्याच जणांचे मेसेज आले की ‘भाऊ, आमच्याकडे ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी आहे, घरी जुनी स्कॉर्पिओ नाहीतर सफारी आहे, मागे ट्रेलर लावून नेली तर चालते का?’ एकाने तर फोटोच पाठवला. ट्रेलर बंपरला लोखंडी पट्टीनं जोडलेला. ते बघून मला झोप लागली नाही. गंमत नाही करत. कारण असलाच उद्योग आम्ही स्वतः करून बसलोय, आणि त्यात एक माणूस रस्त्याच्या खाली गेला होता. तेच आज सांगणार आहे.

आधी, ट्रेलर लागतोच कशाला? आपल्याकडे ट्रॅक कुठे आहेत बघा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे, दिल्लीच्या बाजूला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. मराठवाड्यात काय आहे? काहीच नाही. नाशिक-पुण्याकडे ऑटोक्रॉस होतात, तिथपर्यंत जायलाही आम्हाला अख्खा दिवस. आणि ट्रॅकची गाडी म्हणजे आतून सगळं काढलेलं, पिंजरा बसवलेला, टायर वेगळे. ती रस्त्यावर चालवत न्यायची नसते. शिवाय ट्रॅकवर गाडी मोडते. मोडायचीच असते ती. मग परत कशी आणणार?

आता गावात कुणी म्हणेल ‘टोचन करून आण की’. टोचन वेगळं आणि ट्रेलर वेगळा, हा फरक आधी नीट समजून घ्या. टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दोराने किंवा रॉडने ओढत जवळच्या गॅरेजपर्यंत नेणं. १९८९ च्या रस्ता-नियमांत त्याच्यासाठी ताशी २४ किलोमीटरची मर्यादा होती आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत ठेवायचं होतं. म्हणजे ती अडचणीतून सुटायची सोय आहे, प्रवासाची नाही. ट्रेलरचं तसं नसतं. कायद्याच्या नजरेत ट्रेलर स्वतःच एक वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याची वेगळी व्याख्या आहे. त्याची नोंदणी लागते, नंबर प्लेट लागते, विमा लागतो. आमच्याकडे म्हणजे एमएच-३८.

आमची गोष्ट. माझा मामेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, त्याच्याकडे एक जुनी मारुती एस्टीम आहे, ट्रॅकसाठी केलेली. सगळं काढून साधारण साडेआठशे किलो भरते. ओढायला आमच्या घरची २००८ ची स्कॉर्पिओ. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेली, इंजिन ठणठणीत. ट्रेलर एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. दोन चाकं, एकच आख, वर लोखंडी फळ्या, चढवायला दोन रॅम्प. वजन साडेचारशे किलो. ब्रेक? ब्रेक नव्हते. आम्ही विचारलंच नाही, त्यानेही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला नोंदणीही झालेली नव्हती. ती आमची चूक, त्यावर सफाई देत नाही.

नाशिकच्या बाजूला एक ऑटोक्रॉस होती. जाताना एकदम मस्त. दादा चालवत होता, मी शेजारी, मागे दोन मित्र. जालन्याच्या पुढे तर आम्ही विसरलोच की मागे काही आहे. आणि हेच ट्रेलरचं सगळ्यात फसवं आहे बघा. स्कॉर्पिओसारख्या गाडीला खाली शिडीसारखी चासी असते, डिझेल इंजिनाला खालच्या आरपीएमलाच जोर असतो. त्यामुळे ओढताना ती कुरकुर करत नाही. तुम्हाला वाटतं, गाडी तयार आहे. पण गाडी फक्त ओढायला तयार आहे. थांबवायला आणि सरळ ठेवायला तयार आहे का, हे ती तुम्हाला सपाट रस्त्यावर सांगतच नाही.

ऑटोक्रॉसमध्ये तिसऱ्या रनला एस्टीमचा क्लच गेला. संध्याकाळ झालेली, पाऊस पडून गेलेला, सगळे दमलेले. गाडी स्वतः चढेना, मग ढकलून चढवायची. आमची एस्टीम जिथे उभी होती तिथून तिला उलटी ढकलणं सोपं होतं. म्हणून आम्ही ती उलटी चढवली. डिकी पुढे, इंजिन मागे. चिखलाने भरलेले चार जादा टायर आणि हत्यारांची पेटी जाताना स्कॉर्पिओत होती, येताना ‘आतमध्ये घाण नको’ म्हणून ट्रेलरच्या शेपटीला बांधली. मग ट्रेलर स्कॉर्पिओला जोडायला मी दांडी उचलली, तर एका हातात उचलली गेली. मी दादाला म्हणालो, ‘अरे वा, किती हलका झालाय!’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

रात्र संभाजीनगरला काढली, सकाळी निघालो. जालना, मंठा, जिंतूर. जिंतूर सोडून येलदरीकडे येताना उतार लागतो. वेग पंचाहत्तरच्या आसपास असेल. समोरून एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा झपाटा बसला आणि ट्रेलर थोडा डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. आरशात एस्टीम एकदा डाव्या आरशात दिसायची, एकदा उजव्या. स्कॉर्पिओचं मागचं अंग तिच्याबरोबर हलायला लागलं. मी ओरडलो, ‘ब्रेक मार!’ समोरून मोटरसायलवर नवरा-बायको आणि मध्ये लहान लेकरू येत होतं.

दादाने ब्रेक मारला नाही. त्याने ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरून ठेवलं. बस. वेग साठच्या खाली आला तसा झोका कमी होत गेला, पन्नासला थांबला. पण तोपर्यंत ट्रेलरचं शेपूट एकदा मधल्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन आलं होतं. मोटरसायकलवाल्याने गाडी रस्त्याच्या खाली मुरमात घातली. पडले तिघेही. नशीब, वेग कमी होता. त्याचं कोपर सोललं, बाईंच्या पायाला लागलं, लेकरू फक्त घाबरलं होतं. आम्ही धावत गेलो. तो उठला, कपडे झटकले, ट्रेलरकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘ते मागचं तुमचंच आहे का?’

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांना जिंतूरला दवाखान्यात दाखवलं, मोटरसायकलचा खर्च दिला. उरलेला रस्ता आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही. गाडीत कुणी बोललं नाही.

घरी पोचलो. माझे आबा, म्हणजे आजोबा, ओट्यावर बसलेले. वय चौऱ्याऐंशी. आयुष्यभर बैलगाडीनं कापूस, तूर, हळद वाहिलेली. ते उठले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाले, ‘अरे, उलाळ भरलीस की रे! बैलाला फाशी बसली असती.’

आता शहरातल्या ऐकणाऱ्यांसाठी हा शब्द समजावून सांगतो, कारण अख्खा एपिसोड या एका शब्दावर उभा आहे. बैलगाडीत ओझं आखाच्या मागे जास्त झालं की पुढची बाजू वर उचलली जाते, जू वर जातं आणि जोत बैलाच्या गळ्यात रुततं. त्याला म्हणतात गाडी उलाळ झाली. उलट ओझं फार पुढे आलं की सगळा भार बैलांच्या मानेवर, त्यांचे खांदे येतात. ती गाडी धुरजड. गाडी भरणाऱ्याचं कसब हे की ती किंचित धुरजड राहावी. बैलाच्या मानेवर थोडं वजन पाहिजेच, पण थोडंच.

मी रात्री लॅपटॉप उघडून वाचायला बसलो, आणि जगभरातले लोक ट्रेलरबद्दल अगदी हेच सांगत होते! इंग्रजीत त्याला टंग वेट म्हणतात. म्हणजे ट्रेलरच्या दांडीचं ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर पडणारं वजन. अमेरिकेत साधारण नियम असा की ट्रेलर आणि त्यावरचं सामान मिळून जे वजन होईल त्याच्या १० ते १५ टक्के हुकावर पडलं पाहिजे. युरोपात हे प्रमाण कमी धरतात, कारण तिथे ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादाही कमी असते. जर्मनीत साधारणपणे ८० किलोमीटर, ब्रिटनमध्ये मोठ्या रस्त्यांवर ताशी ६० मैल. म्हणजे वेग कमी ठेवणार असाल तर थोडी सूट मिळते. पण शून्य किंवा उणे कुणीच चालवून घेत नाही.

आमचं किती होतं? मी वहीवर हिशोब केला. तुम्हीही करू शकता, आठवीचं तरफेचं गणित आहे. आमच्या ट्रेलरचा आख ते हुक अंतर ३ मीटर. एस्टीमचं इंजिन पुढे, त्यामुळे तिचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.३६ मीटर. म्हणजे गाडीचा तोल तिच्या मध्यापासून साधारण पाव मीटर इंजिनाच्या बाजूला. गाडी सरळ चढवली की हा तोल पुढे, हुकाकडे. उलटी चढवली की तितकाच मागे. एकूण सरकला जवळजवळ अर्धा मीटर. साडेआठशे किलो गुणिले अर्धा मीटर, भागिले ३ मीटर. साधारण १४० किलो!

जाताना हुकावर होते दीडशेच्या आसपास. नुसती गाडी उलटी चढवून ते उरले दहा-पंधरा. वर शेपटीला टायर आणि पेटी, ८० किलो, आखाच्या मागे पावणेदोन मीटरवर. त्यांनी आणखी सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलो कमी केले. म्हणजे हिशोब गेला उणे तीसच्या घरात. ट्रेलर स्कॉर्पिओचं मागचं अंग खाली दाबत नव्हता, वर उचलत होता. आणि मी म्हणत होतो, ‘किती हलका झालाय!’

यातून एक आकडा कायमचा डोक्यात बसला. असल्या ट्रेलरवर असली गाडी एक वीत पुढे-मागे केली की हुकावरचं वजन ५५-६० किलोनं बदलतं. एक वीत! म्हणून गाडी नक्की कुठे उभी करायची ती जागा मोजून ठरवा आणि ट्रेलरवर ऑइलपेंटने खूण करा. आम्ही आता पुढच्या चाकापुढे लोखंडी अडणाच वेल्ड केलाय.

मोजायचं कसं? आपल्या भागात याची सोय फार छान आहे, कारण गावोगावी वजनकाटे आहेत. आम्ही हिंगोलीला हळद मार्केटकडच्या एका काट्यावर गेलो. आधी गाडी चढवलेला अख्खा ट्रेलर, सुटा, काट्यावर घेतला. आला एकूण आकडा. मग ट्रेलर पुढे घेऊन फक्त चाकं काट्यावर आणि दांडी बाहेर जॅकवर टेकवली. दुसरा आकडा. दोघांतला फरक म्हणजे दांडीवरचं वजन. एवढं करा फक्त, दांडी जॅकवर हुकाच्याच उंचीला ठेवा. काटेवाला आम्हाला विचारत होता, ‘हळद कुठंय?’ मोठ्या काट्याचा आकडा ५-१० किलोने मागेपुढे असतो, पण तुम्हाला दीडशे आहे की पंधरा हे कळण्यापुरतं पुष्कळ झालं.

बरं, हा झोका सुरूच का होतो आणि वाढतो का? हे मला सॉफ्टवेअरवाल्याला पटकन कळलं. सर्व्हर हळू झाला की सगळे क्लायंट पुन्हा पुन्हा रिक्वेस्ट मारतात आणि त्यानेच तो आणखी मरतो, तसंच आहे. ट्रेलर हुकाभोवती लंबकासारखा हलतो. कमी वेगाला टायरचं घर्षण तो झोका मारून टाकतं. वेग वाढला की हे मारणं कमी होत जातं, आणि एका ठरावीक वेगानंतर झोका मरण्याऐवजी वाढायला लागतो. तो वेग किती, हे वजन कुठे आहे त्यावर ठरतं. धुरजड ट्रेलरचा तो वेग तुम्ही कधी गाठतच नाही. उलाळ ट्रेलरचा मात्र पंचाहत्तरलाच येतो. त्यात ड्रायव्हर स्टिअरिंग उलट फिरवून सावरायला जातो, पण माणसाची प्रतिक्रिया थोडी उशिराच येते. तेवढ्यात ट्रेलर दुसऱ्या बाजूला निघालेला असतो, म्हणजे तुम्ही त्याला धक्काच देता. ब्रेक दाबला की पुढची गाडी हळू होते आणि बिनब्रेकचा ट्रेलर मागून तिला ढकलतो. ढकलताना तो सरळ रेषेत नसेल तर गाडी आडवीच. म्हणून स्टिअरिंग सरळ, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील आणि ते गाडीतून वेगळे लावता येत असतील तर फक्त ते. वेग वाढवून सरळ करता येतो असं सांगणारे भेटतील, पण उतारावर तो सल्ला कुठे नेईल सांगता येत नाही. दादाने त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर हा एपिसोड झाला नसता.

आता ब्रेक. आमच्या गाडीचं वजन माणसांसकट दोन टनांच्या आसपास, मागे चौदाशे किलो. म्हणजे दोन टनांसाठी केलेले ब्रेक जवळजवळ साडेतीन टन थांबवणार, तेही मागच्या चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाडीचे. आणि वेग दुप्पट केला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे आपण सगळे परीक्षेपुरतं शिकलोय. आम्ही ट्रेलरला ओव्हररन ब्रेक बसवून घेतला. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर दांडीवर ढकलतो, आणि तीच ढकल एका रॉडमधून ट्रेलरचे ब्रेक लावते. साधी यंत्रणा, वीज लागत नाही. एक खोट म्हणजे रिव्हर्स घेतानाही तो ब्रेक लागतो, त्यासाठी आमच्यात एक खिटी आहे ती अडकवावी लागते. खिटी काढायला विसरलात तर पुढे ब्रेकच नाहीत. आम्ही तिला लाल रिबन बांधलीय.

गावातले काही जण म्हणतात, ‘ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याला जातो, त्यांना कुठं ब्रेक असतात?’ बरोबर आहे, पण ट्रॅक्टर वीस-पंचवीसने जातो. त्या वेगात उलाळ काय आणि धुरजड काय, फार फरक पडत नाही. आणि चारचाकी ट्रॉलीचा भार तर हुकावर येतच नाही, तिच्या पुढच्या आखावरच राहतो. आपल्या भागात सगळ्यांच्या हाताला ट्रॉलीची सवय आहे. रिव्हर्स घ्यायला ती सवय फार कामाची, कारण आमच्या इथलं सोळा वर्षांचं पोरगं जेवढी सरळ ट्रॉली मागे घेतं तेवढी पुण्यातला अर्धा पार्किंगवाला घेणार नाही. पण तीच सवय ऐंशीच्या वेगाला घात करते.

हुक कुठे जोडायचा? बंपरला नाही. कधीच नाही. चासीच्या दोन्ही दांड्यांना, जाड प्लेट लावून, बोल्टने. गोळ्याचं माप बघा. बाजारात ५० मिलिमीटरचा गोळा मिळतो आणि दोन इंचाचाही, म्हणजे ५०.८. दिसायला जुळे भाऊ. पण दोन इंची कप पन्नासच्या गोळ्यावर सैल बसतो, आणि ट्रेलर उलाळ असेल तर सुटायला तेवढं पुरतं. कप लॉक केल्यावर दांडीचा जॅक फिरवून वर उचला. गाडीचं मागचं अंग वर आलं तर नीट बसलाय. नुसताच कप वर आला तर बरं झालं घरीच कळलं. साखळ्या दोन, दांडीच्या खालून एकमेकींवर फुली करून. हुक सुटलाच तर दांडी त्या फुलीत पडते, डांबरात घुसत नाही.

गाडी बांधायला रॅचेट पट्टे, चार चाकांना चार, वर वजनाची मर्यादा छापलेले. नायलॉनचा दोर नको, तो भिजला की ताणतो. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, पहिल्यांदा हमखास सैल होतात. थांबलात की ट्रेलरच्या चाकाच्या मधोमध हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग बोलतंय. टायरवर चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात, त्यामुळे नक्षी बघून फसू नका. दिवे आणि लाल रिफ्लेक्टरची पट्टी, यावर बोलायची गरज नाही. गाळपाच्या दिवसांत रात्री आपल्या रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या ज्याने बघितल्या आहेत त्याला कळतं.

जुन्या एसयूव्हीचं वेगळं काय? मी म्हणेन रबर आणि द्रव. पंधरा वर्षांच्या गाडीत इंजिन शेवटी दगा देतं, आधी होजपाईप, क्लच, स्प्रिंगा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, मग लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल भुसभुशीत लागतं. दोन वर्षांनी ते बदलायचंच. उतार लागायच्या आधी खालचा गिअर, उतारावर मध्येच नाही. आणि मॅन्युअल उघडा. त्यात ट्रेलर ओढायचं वजन लिहिलेलं असेल तर तेवढंच. काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा अर्थ ‘कितीही’ असा होत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. फोनवर ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस क्लेमच्या वेळी भेटत नाही.

आणि मनापासून सांगतो. वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर ट्रेलरच्या भानगडीत पडूच नका. चार-सात किंवा आयशर भाड्याने घ्या, गाडी वर चढवा, बांधा, मागे तुम्ही आपल्या स्कॉर्पिओत गाणी ऐकत जा. ट्रेलर, ब्रेक, हुक, नोंदणी, विमा हे सगळं नीट करायला आम्हाला जो खर्च आला त्यात ट्रकच्या बऱ्याच खेपा झाल्या असत्या. आम्ही तरी का केलं? दादाला हौस. आणि मला, खरं सांगू, ते गणित सोडवायचं होतं.

आम्ही दोन नियम घरी ठरवलेत. ट्रेलर मागे असला की साठच्या वर जायचं नाही, रस्ता कितीही मोकळा असो. आणि परतवारी एकादशीच्या आधी-नंतर ट्रेलर घराबाहेर काढायचा नाही. पंढरपूरहून परतणारे वारकरी त्या वेळी नरसीला येतात, सगळे रस्ते पायी माणसांनी भरलेले असतात. दादाची एक स्पर्धा त्यात बुडाली यंदा. बुडू दे.

मागच्या आठवड्यात पुन्हा निघायचं होतं. एस्टीम सरळ चढवलेली, अडण्याला टेकलेली, टायर आणि पेटी स्कॉर्पिओत. आबा बाहेर आले. मला म्हणाले, ‘थांब, बघू दे.’ दोन्ही हातांनी दांडी धरली आणि उचलायला बघितलं. उचलली नाही. मग मला म्हणाले, ‘तू बघ.’ माझ्याकडूनही नाही उचलली.

‘हां,’ म्हणाले, ‘जोडा आता.’

तर मंडळी, तुमच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि हुकाचे फोटो पाठवत राहा, बंपरवाला फोटो पाठवणारा मित्र तर नक्कीच. ज्यांचे आकडे जुळत नाहीत त्यांचे पुढच्या एपिसोडमध्ये सोबत बसून सोडवू. ट्रॅक्टर अजून चालूच आहे. भेटू.